बोर्डाचा कोळसा

दार ढकललं तर उघडेना. खालच्या फटीला आतून गोणपाट कोंबलेलं होतं. मी खांदा लावला आणि आत गेले. वर्षा, माझी सून, बाजेवर उताणी पडली होती. हाक मारली तरी हलेना. तिच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेली पोरगी, तिचं अजून बारसंही झालं नव्हतं. बाजेखाली शेगडी. भिंतीला टेकून माझी थोरली नणंद सरूआक्का बसलेली, मान छातीवर पडलेली, हातातली वाटी कलंडून ओवा लुगड्यावर सांडलेला.

भर दुपार होती. बाहेर डोळे दिपतील असं ऊन आणि आत अंधार. खिडकीवर वाकळ टांगलेली.

मी आधी पोरगी उचलली. ती हातात ओल्या फडक्यासारखी लोंबली. रडली नाही. तिला घेऊन अंगणात आले आणि "दत्त्या!" अशी हाक मारली की दत्ता तर आलाच, शेजारचा वेल्डिंगवालाही कुंपणावरून उडी टाकून आला. दत्ता म्हणजे माझा मुलगा, वर्षाचा नवरा.

"आई, काय झालं?"

"बाज ओढ बाहेर! माणसासकट ओढ!"

त्यानं बाज ओढली. वेल्डिंगवाल्यानं आक्काच्या बगलेत हात घालून तिला फरफटत आणलं. मी पोरीच्या तळपायाला टिचक्या मारत होते, एक, आणखी एक. तिनं आधी तोंड वाकडं केलं, मग किरकिरली. एवढंच. वर्षाचा श्वास चालू होता पण डोळे उघडत नव्हते.

आमचा टेम्पो दारात उभा होता, नांदेडला जायला भरलेला. वायरच्या भेंडोळ्यांवर गादी टाकली, गादीवर वर्षाला आणि आक्काला टाकलं, मी पोरगी घेऊन पुढं बसले आणि दत्तानं दवाखान्याकडं गाडी सोडली. मागं वळून बघायची माझी छाती झाली नाही.

आता मी त्या खोलीत गेलेच कशी, ते सांगते. त्याला आधी धंदा सांगावा लागेल.

लातुरात नांदेड रोडच्या अंगाला आमचं भंगाराचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं कुंपण, आत शेड आणि शेडला लागून घर. लग्न होऊन आले तेव्हा आम्ही लोखंड, डबे, बाटल्या घ्यायचो. मग घराघरात टीव्ही आले. मग इन्व्हर्टर आले, कारण लाईट जायची. मग क्लास निघाले, गल्लोगल्ली, आणि क्लासवाल्यांनी कॉम्प्युटर घेतले. जे जे लोक हौसेनं घरात आणतात ते पुढंमागं माझ्या कुंपणात येतं. मी चौथी शिकले. पण लोकांनी घरात काय नवीन घेतलं हे मला विचारावं, काही वर्षांनी का होईना, सगळं माझ्याकडं येतं.

लोकांना वाटतं भंगार म्हणजे किलोनं घ्यायचं आणि किलोनं विकायचं. तसं नाही. भंगार म्हणजे सोडवायचं काम. टीव्ही आला की त्याच्या मागच्या कॉइलमधलं तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं, काच वेगळी. त्या काचेत शिसं असतं, ते फार पुढं कळलं. वायर आली की वरचं रबर जाळायचं, आतलं तांबं काढायचं. रबर जळताना जो काळा धूर निघतो तो घशाला चिकटतो, भाकरी खाताना चव लागते त्याची. आणि बोर्ड. बोर्ड म्हणजे यंत्राच्या आतली ती हिरवी पाटी, जिच्यावर बारीक बारीक भाग डागलेले असतात. कोळशाच्या भट्टीवर बोर्ड पालथा धरायचा. डाग वितळला की हातोडीनं टकटक करायचं, भाग खाली गळतात. डागाचं कथील, म्हणजे त्यातही शिसंच, थेंब थेंब कोळशात पडतं. बोर्डाची कडा जळते, त्याचा वास गोडसर असतो आणि नाकात वर चढतो. हा वास एकदा घेतलेल्या माणसाला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

शेडमध्ये हे काम दत्ता करायचा. त्याच्या आधी त्याचे वडील.

माल नांदेडला हमीदभाईंकडं जायचा. ते तिथले जुने व्यापारी, पांढरी दाढी, दारात खुर्ची टाकून बसलेले. मला आपा म्हणायचे. "आपा, चिपां अलग, पाटी अलग करके लाव. ऐसा खिचडी माल मैं कां रखूं?" म्हणून आम्ही घरी सोडवून न्यायचो. सगळेच न्यायचे.

गिऱ्हाईक एकेक नमुना यायचं. एक क्लासवाले सर आले, कॉम्प्युटरचा ढीग घेऊन. म्हणाले, "बाई, हे आतले डबे माझ्यासमोर फोडा. आमचे पेपर आहेत त्यात." मी म्हटलं, "सर, ही मशीन पार जुनी झाली. ती पोरं आता डॉक्टर झाली असतील." तरी ऐकेनात. दत्तानं घण मारला. सर पुढं वाकून बघतात, "अजून एक मारा. अजून एक." शेवटी घण त्यांच्याच हातात दिला. त्यांनी असे हाणले की घामाघूम झाले, आणि जाताना माणूस एकदम मोकळा दिसत होता. मला वाटतं पेपर-बिपर काही नव्हतं, त्यांना नुसतं हाणायचं होतं.

दुसरा एक चाकूरकडचा शेतकरी. चांगला खातापिता माणूस, मोटारसायकलवर आला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "मावशी, जुना लाकडी डब्याचा टीव्ही हाय का?"

"कशाला पायजे?"

"त्यात लाल पारा असतोय म्हनं. गुंजभर घावला तरी कोटीत जातोय. मोबाईलवर आलंय."

"मग मी इथं पत्र्यात कशाला बसले असते रं?"

"तुमाला म्हाईत नसंल."

त्याला मी दोन टीव्ही उघडून दाखवले. त्यात झुरळं निघाली. तरी त्यानं पिक्चर ट्यूबच्या नळीत हात घातला, काच फुटली, पांढरी भुकटी उडाली आणि बोट कापलं. हळद भरून पाठवला. जाताना म्हणतो, "पुढच्या खेपंला आला तर ठिवा." खरा पारा बघायचा तर जुन्या ट्यूबलाइटमध्ये असतो, आणि तो विष असतो. पण विष फुकट मिळतं म्हणून त्याला कोणी विचारत नाही.

बॅटऱ्यांचं सांगते. इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या आल्या की माझे मालक त्या फोडायचे. तेजाब, म्हणजे बॅटरीतलं ॲसिड, अंगणात ओतायचे, आतल्या पट्ट्या कढईत वितळवायचे, शिशाची वीट पाडायचे. पुढं त्यांच्या पोटात कळ यायला लागली. मनगटं ढिली पडली, चहाचा कप धरता यायचा नाही. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, देवऋषानं अंगारा दिला. ते गेले. शिशानं गेले की बिडीनं, मी सांगू शकत नाही. त्या वेळी कोणी तपासलं नाही आणि आता तपासायला ते नाहीत. जिथं तेजाब ओतायचे तिथं अजून गवत उगवत नाही, एवढं मात्र रोज दिसतं.

तर वर्षाचं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण तिला आई नाही. उदगीरला वडील आणि भाऊ, तिथं कोण करणार? म्हणून आमच्याकडंच. दवाखान्यात मोकळी झाली, घरी आणली. मला दिवसभर वजनकाट्यावर बसावं लागतं, म्हणून देवणीहून सरूआक्काला बोलावलं. आक्कानं पन्नास बाळंतपणं केली असं ती सांगते. निम्मी धरली तरी पुष्कळ झाली. आल्या आल्या तिनं खोलीचा ताबा घेतला. खिडकी बंद, वाकळ टांगली, दाराला गोणपाट.

"वारं लागलं तर जन्माचं दुखणं बसतंय, गोदे. तुला काय कळतंय? तू लोखंडातली बाई."

"मी दत्ता काढला की."

"काढलास, पण शेक कुनी दिला? म्याच की."

ते खरं होतं. शेक म्हणजे बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, वर बाळंतीण निजवायची. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची. आमच्याकडं सगळ्यांनी असंच केलं. थंडीचे दिवस होते, म्हणून आक्कानं जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

शेकासाठी दत्तानं कोळशाचं नवं पोतं आणून ओसरीत ठेवलं होतं. आता इथं बाहेरच्या माणसाला कळणार नाही अशी गोष्ट आहे. आमच्या शेडमध्ये बोर्डाचं काम झालं की निखाऱ्यावर पाणी मारतात. विझलेला कोळसा वाळवून पत्र्याच्या डब्यात भरतात. एकदा विझवलेला कोळसा पुन्हा लवकर पेटतो. तो दुसऱ्या दिवशी बोर्डालाच वापरायचा. डबा कायम भरलेला असायचा. आक्कानं तो डबा बघितला. आक्का घरात उरलेली भाकर असताना ताजी भाकर कुणाला खाऊ देत नाही. पोत्याचं तोंड तिनं सोडलंच नाही. डब्यातला कोळसा काढून शेगडी भरली.

त्या कोळशात काय काय होतं? कथलाचे थेंब, जळलेल्या बोर्डाच्या कडा, वितळून चिकटलेलं प्लास्टिक. वरून ओवा टाकला. ओव्याचा वास असा दणदणीत की आतल्याला दुसरं काही कळू नये.

मी त्या दुपारी जेवायला म्हणून शेडमधून घराकडं येत होते. दारापाशी ओव्याचा वास आला आणि ओव्याच्या खालून तो दुसरा वास आला. गोडसर. मला आधी वाटलं दत्ता शेडमध्ये काम करतोय. मागं वळून बघितलं तर दत्ता टेम्पोच्या दोऱ्या आवळत होता. शेडमधली भट्टी थंड. मग बोर्ड जळतोय कुठं? वास दाराच्या आतून येत होता. "आक्का," म्हणून हाक मारली. उत्तर नाही. आक्का उत्तर देत नाही असं माझ्या लग्नापासून कधी झालं नव्हतं. मी दाराला खांदा लावला.

दवाखान्यात तिघींच्या नाकाला नळ्या लावल्या. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या सुनेएवढी. तिनं पोरगी आत नेली आणि मला विचारलं, "खोलीत काय पेटवलं होतं?"

दत्ता म्हणाला, "कोळसा. साधाच."

मी म्हटलं, "साधा नाही. बोर्डाचा."

"आई, गप बस की," दत्ता माझ्या कानाशी म्हणाला. "पोलीस येतील. कुंपनाला कुलूप लागंल."

"लागू दे. लपवून काय करू? सून गेल्यावर सांगू?"

मी डॉक्टरणीला सगळं सांगितलं, डबा, कथील, प्लास्टिक, सगळं. तिनं मधे तोंड घातलं नाही. तिच्या कपाळाला आठी पडली पण ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. आता मला काय काय शोधायचं ते कळलं." आणि आत गेली.

बाहेर बाकडं होतं. दत्ता आणि मी बसलो. त्याच्या नखांत काळं होतं, शेडमधलं. त्या हातांनी तो रोज संध्याकाळी पोरगी घ्यायचा. मी त्याच्या हातांकडं बघत बसले, तोही बघत होता.

आधी आक्का शुद्धीवर आली, कारण तिचा आवाज बाहेर ऐकू आला. "माझं लुगडं कुनी सोडलं गं?" मला आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज गोड वाटला. मग पोरगी रडली. चांगली खणखणीत. नर्स हसत बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, भूक लागलीय तिला." पण वर्षा अजून तशीच होती. डॉक्टरीण म्हणाली, थांबावं लागेल, तिनं सगळ्यात जास्त घेतलंय, निखारे तिच्या पाठीखालीच होते.

थांबलो. मी देवाला काही बोलले नाही. मला नवस बोलता येत नाही, मधेच हिशोब डोक्यात येतो. मी नुसती पोरगी मांडीवर घेऊन बसले. ती माझं बोट चोखत होती, आणि मी तेही धुतलेलं होतं का हे आठवत होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा वर्षानं डोळे उघडले. दत्ताकडं बघितलं, मग माझ्याकडं. ओठ हलवले. मी वाकले. मला ती मामी म्हणते.

"मामी, डोकं लई दुखायलंय."

"दुखू दे," मी म्हटलं. "दुखतंय म्हणजे आहे."

दत्ता बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून उभा राहिला. त्याला तसंच उभं राहू दिलं.

नंतर डॉक्टरणीनं मला नीट समजावून सांगितलं. बंद खोलीत कोळसा धुमसला की एक वायू होतो. माणसाला झोप येते आणि झोपेतच तो जातो. त्या वायूला वास नसतो. कोळसा कितीही चांगला असो, तो होतोच.

"वास नसतो?" मी विचारलं. "मग मला आला तो?"

"तो प्लास्टिकचा आणि बोर्डाचा. तोही विषारीच. पण आजी, पोत्यातला चांगला कोळसा घातला असता तर तुम्हाला दाराबाहेर काहीच कळलं नसतं. जेवून उठेपर्यंत उशीर झाला असता."

हे मी पुष्कळ दिवस चघळलं. ज्या घाणीनं मालकांचे हात गेले असतील, तिच्याच वासानं मला दार फोडायला लावलं. याचा काही अर्थ काढायचा नाही असं मी ठरवलं. विषाचे उपकार मानायचे नसतात. शिवाय नाक माझं होतं. आक्काला मात्र मी हे सांगायला नको होतं. ती तेव्हापासून सगळ्या पाहुण्यांना सांगते, "माझ्याच कोळशानं वाचल्या की पोरी." मी म्हणते, "हाव आक्का, आणि दार तुमच्याच गोणपाटानं उघडलं."

पण तेवढ्यावर सुटलो नव्हतो. डॉक्टरीण म्हणाली, वायू अंगातून निघून जातो, शिसं जात नाही लवकर. घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं आणि तपासायला बाहेर पाठवलं. तोवर वर्षाला एकच घोर, आणि तिनं तो मलाच विचारला, "मामी, पाजू का हिला? माझ्या दुधात उतरलं असंल तर?" मी म्हटलं, "डॉक्टरीण पाज म्हणालीय, रक्ताचा कागद येईपर्यंत पाज." ती पाजायची आणि रडायची. पोरगी मात्र मजेत प्यायची.

कागद आला. डॉक्टरणीनं वाचून सांगितलं. दत्ताच्या रक्तात सगळ्यात जास्त शिसं, मग माझ्या, मग वर्षाच्या. पोरीत अगदी थोडं. ती म्हणाली, "दूध पाजा, बिनघोर पाजा. पण घरात शिसं येणं आजपासून बंद. शेडचे कपडे शेडमध्येच. आंघोळ केल्याशिवाय कोणी लेकरू घ्यायचं नाही. वितळवणं बंद. जाळणं बंद. पुन्हा तपासू." वर्षानं तिथंच पदर डोळ्याला लावला, पण या वेळी सुटल्याचा.

दत्ता घरी आला आणि त्यानं शेडमधली भट्टी घणानं फोडली. क्लासवाल्या सरांसारखी, अजून एक, अजून एक. कोळशाच्या डब्याला मी हात लावू दिला नाही. तो आम्ही तसाच बंद करून पुढं बोर्डाच्या मालाबरोबर परवाना असलेल्या कंपनीला दिला. उकिरड्यावर ओतून काय उपयोग? शेजाऱ्याची शेळी तिथं चरते.

आता त्या कंपनीची गाडी येते. बोर्ड अख्खे देतो, बॅटऱ्या न फोडता देतो, ट्यूब न फोडता. वायरला सोलायचं यंत्र घेतलं, जाळत नाही. पैसे सुटतात कमी. पण भाकरीला धुराची चव नाही. फेरीवाले अजून विचारतात, "मावशी, एवढा माल घेता, भट्टी का न्हाई लावत?" मी म्हणते, सून आहे घरात. त्यांना वाटतं सुनेला भिते.

नांदेडला हमीदभाईंना सांगायला मी स्वतः गेले. इतक्या वर्षांचा व्यवहार, फोनवर कसा तोडायचा? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खुर्चीतून उठले, मला बसवलं, चहा मागवला. "आपा, बच्ची सलामत?"

"सलामत."

"बहू?"

"तीबी."

"बस. धंदा होते रहता." मग त्यांच्या मागच्या शेडकडं बघून म्हणाले, "मेरे पोट्टे भी इधरीच काम करते." पुढं नुसतं तांबं द्यायला गेले तेव्हा त्यांची भट्टीही दिसली नाही.

पुढच्या तपासणीत दत्ताचा आकडा उतरला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी उतरला. डॉक्टरीण म्हणाली, लेकराची वाढ चांगली आहे, बोलणं-चालणं वेळेवर आहे, काळजी नको. दवाखान्यातून आल्या आल्या आक्कानं वर्षाचा राहिलेला शेक पुरा करायचा हट्ट धरला होता. मी अंगणात उन्हाला बाज टाकली आणि गरम पाण्याची पिशवी दिली. "ह्याला काय शेक म्हनत्यात का?" म्हणत आक्का स्वतःच ती पिशवी कमरेला लावून झोपली.

त्या खोलीची खिडकी आता उघडी असते. वर्षा तिथं शिलाई मशीन चालवते. पोरगी अंगणवाडीत जाते आणि घरी आल्यावर बापाला विचारते, आंघोळ केली का. आक्का देवणीत आहे, गुडघे दुखतात, जीभ चालते.

त्या दुपारी त्या खोलीत तिघी होत्या. तिघी आहेत.